कॅलिब्रेट केल्यावर स्क्रीन पिवळी दिसते आणि प्रिंट तरी काळीच येते, मग बिघडलंय कुठे?

तुमची तक्रार आधी माझ्या शब्दात मांडते, म्हणजे आपण एकाच गोष्टीबद्दल बोलतोय ना ते कळेल. कलरीमीटर (स्क्रीनवर टेकवून तिचे रंग मोजायचं छोटं मशीन) घेतलात, त्याच्यासोबतच्या सॉफ्टवेअरने मॉनिटर कॅलिब्रेट केलात, म्हणजे ठरलेल्या रंगाला आणि उजेडाला आणलात, शेवटचा रिपोर्ट पण झकास आला, डेल्टा ई (रंगातल्या चुकीचं माप, जितकं कमी तितकं बरं) ०.४, आणि तरी स्क्रीन पिवळट मळकट वाटतेय, प्रिंट पूर्वीसारख्याच काळपट येतायत, आणि शेजारचा जुना मॉनिटर त्याच मशीनने कॅलिब्रेट करूनही नव्याशी जुळत नाहीये. मशीन खराब आहे का, परत करू का, असं विचारलंय.

परत करू नका, मशीन बहुतेक ठीक आहे. मी बरीच वर्षं प्रीप्रेस (छपाईआधीची तयारी) आणि रिटचिंगचं काम करते आणि हे तीनही प्रश्न मला एकाच दमात विचारले गेलेत असं कितीतरी वेळा झालंय. पण हे तीन वेगळे आजार आहेत, एकाच गोळीने बरे होत नाहीत. पिवळेपणा हा तुमच्या डोळ्याचा मामला आहे, काळ्या प्रिंटचा रंगाशी जवळजवळ काही संबंध नाही तो ब्राइटनेसचा आहे, आणि दोन मॉनिटर न जुळणं हा थोडा मशीनच्या सेटिंगचा आणि थोडा खुद्द रंगमापनाच्या शास्त्राचाच दोष आहे.

पिवळं आधी उरकून टाकते कारण त्यात फार काही नाही. बरेचसे मॉनिटर कारखान्यातून निघतात तेव्हा त्यांचा पांढरा निळसर असतो, ७००० केल्विनच्या वर (केल्विनचा आकडा जितका मोठा तितका पांढरा निळा), कधी कधी ९३०० च्या आसपास, कारण दुकानात दहा मॉनिटर ओळीने लावले की निळसर पांढराच जास्त स्वच्छ वाटतो. तुम्ही महिनोनमहिने तो बघत होतात, डोळ्याने तोच पांढरा म्हणून मान्य केला. आता ६५०० वर आणल्यावर डोळा म्हणणारच की हे पिवळं आहे. दोन दिवस असंच वापरा, मधेच जुनी सेटिंग लावून तुलना करत बसू नका, तुलना केली की डोळा परत जुन्या जागी जातो आणि सगळं पहिल्यापासून. दोन दिवसांनी जुनी सेटिंग लावून बघा, ती तुम्हाला ट्यूबलाइटसारखी निळी वाटेल. आठवडा झाला तरी पिवळंच वाटत असेल तर मात्र पुढे बॅकलाइटच्या सेटिंगबद्दल लिहिलंय ते नीट वाचा, तिथे खरंच चूक झालेली असू शकते.

आता काळ्या प्रिंटबद्दल. इथे लोक सर्रास प्रोफाइलमागे (मॉनिटरच्या किंवा प्रिंटरच्या रंगांची मापं लिहिलेली फाइल, तिलाच आयसीसी म्हणतात) धावतात, दुसरी आयसीसी शोधतात, छापताना रंग कसे बसवायचे त्याची सेटिंग, रेंडरिंग इंटेंट, बदलून बघतात, म्हणजे आजार म्हशीला आणि औषध पखालीला. खरी गोष्ट अशी की नवीन मॉनिटर डबीतून काढून लावला की बहुतेक वेळा २५० ते ३५० निट्सवर जळत असतो (निट म्हणजे कँडेला प्रति चौरस मीटर). त्या उजेडात फोटोतल्या सावल्या छान उघडलेल्या दिसतात, तुम्हाला वाटतं फोटो पुरेसा उजळ आहे, उलट थोडा खालीच ओढावा, आणि मग तो फोटो कागदावर जातो. कागद स्वतः काही पेटत नाही. त्याच्यावर जेवढा प्रकाश पडेल तेवढाच तो परत देणार.

हे आकड्यात बघा, सोपा हिशोब आहे. कागदावर पडणारा प्रकाश लक्समधे मोजा, त्याला कागदाच्या परावर्तनाने गुणा, चांगला पांढरा कागद धरला तर ०.८५, आणि ३.१४ ने भागा. जे येईल ते त्या कागदाचे निट्स. टेबलावर ५०० लक्स पडत असतील तर कोरा कागद साधारण १३५ निट्सचा. पण रात्री घरात एकच दिवा चालू आहे आणि टेबलावर जेमतेम १५० लक्स पोचतायत तर तोच कागद ४० निट्सचा झाला. आणि तुमची स्क्रीन शेजारी ३०० वर! सात पटीहून जास्त फरक. मग प्रिंट काळी दिसली यात प्रिंटरचं काय चुकलं? छपाईतली प्रिंट कुठल्या उजेडात बघायची याचं जे आयएसओ ३६६४ नावाचं मानक आहे त्यात नुसती प्रिंट बघायला ५०० लक्स आणि बारकाईने तुलना करायला २००० लक्स सांगितलेत, आणि प्रकाश डी५०, म्हणजे ५००० केल्विनच्या आसपासचा पांढरा. एवढी सोय घरात कोणाकडे नसते, पण मुद्दा कळला असेल की प्रिंट कुठल्या उजेडात बघताय हे न सांगता ती काळी की गोरी हे बोलताच येत नाही.

म्हणून कॅलिब्रेशनच्या सॉफ्टवेअरमधे ब्राइटनेसचं टार्गेट विचारतात तिथे "नेटिव्ह" किंवा "आहे तसं" निवडून पुढे जाऊ नका. मला जवळजवळ खात्री आहे तुम्ही तेच केलंय, बहुतेक जण करतात, कारण कमी केलं की स्क्रीन मेल्यासारखी वाटते. मध्यम उजेडाच्या खोलीत १०० ते १२० ठेवा, खोली अंधारी असेल तर ८०-९०. एसआरजीबीच्या (वेबवर आणि साध्या मॉनिटरवर चालणारं रंगांचं मानक) मूळ व्याख्येत तर ८० च आहे, ती सीआरटीच्या, म्हणजे जुन्या काचेच्या ट्यूबवाल्या मॉनिटरच्या जमान्यात ठरली होती हे खरं, पण आकडा अगदीच वेडा नाही. माझ्याकडे ११० असतो. ढोबळ परीक्षा करायची तर स्क्रीनवर कोरं पांढरं पान उघडा, शेजारी ज्या उजेडात तुम्ही प्रिंट बघता त्याच उजेडात कोरा फोटो पेपर धरा, दोन्ही साधारण सारखे उजळ वाटले पाहिजेत. रंग जुळायची अपेक्षा करू नका, फक्त उजेड बघा. स्क्रीन खिडकीसारखी वाटत असेल तर अजून खाली आणा.

बरं, आता हे कॅलिब्रेशन नावाखाली जे होतं त्यात दोन वेगळी कामं आहेत आणि त्यांची गल्लत झाली की पुढचं काहीच समजत नाही. पहिलं काम म्हणजे मॉनिटरला ठरलेल्या जागी आणून बसवणं: पांढरा इथे, ब्राइटनेस एवढा, गॅमा (काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत उजेड कसा चढत जातो ते) एवढा. दुसरं म्हणजे तो मॉनिटर आता नेमका कसा आहे हे मोजून लिहून ठेवणं, ते लिहिलेलं म्हणजे आयसीसी प्रोफाइल. शिंप्याच्या वहीतली मापं असतात ना तशी. वहीत मापं लिहिल्याने अंगातला सदरा बदलत नाही, पण पुढचा सदरा ती बघून शिवता येतो. फोटोशॉपसारखं रंग सांभाळणारं सॉफ्टवेअर ही वही वाचतं आणि त्याप्रमाणे आकडे बदलून स्क्रीनला पाठवतं. ज्या सॉफ्टवेअरला वही वाचता येत नाही त्याच्यासाठी ती असून नसून सारखीच. प्रोफाइलमधला एकच छोटा भाग, व्हीसीजीटी नावाचा, तो ग्राफिक्स कार्डात लोड होतो आणि सगळ्या स्क्रीनवर परिणाम करतो, तो पण फक्त राखाडी पट्टी सरळ करण्यापुरता. म्हणून "प्रोफाइल लावली पण डेस्कटॉपचे रंग तसेच भडक आहेत" ही तक्रारच नाही, ते तसंच असणार.

आणि याच कारणाने दुसऱ्या कोणाची प्रोफाइल, अगदी त्याच मॉडेलची असली तरी, उतरवून लावू नका. मापं दुसऱ्याची आहेत हो. एकाच मॉडेलचे दोन मॉनिटर सुद्धा पांढऱ्यात सहज उघड्या डोळ्यांना दिसेल इतके वेगळे निघतात.

मशीन लावायच्या आधी करायच्या गोष्टी. मॉनिटर अर्धा तास चालू असू दे. डायनॅमिक कॉन्ट्रास्ट, इको मोड, खोलीतला उजेड बघून आपोआप ब्राइटनेस बदलणारा सेन्सर, निळा प्रकाश कमी करणारा मोड, हे सगळं मॉनिटरच्या मेन्यूतून बंद. ऑपरेटिंग सिस्टीममधला नाइट लाइट बंद, मॅक असेल तर ट्रू टोन आणि नाइट शिफ्ट पण. यात माझी स्वतःची फजिती सांगते. एकदा काही दिवस माझी निम्मी कामं निळसर जायला लागली, निम्मी बरोबर. मशीन तपासलं, प्रोफाइल परत केली, केबल बदलली, काही नाही. शेवटी फाइल सेव्ह केल्याच्या वेळा बघितल्या तेव्हा लक्षात आलं की निळसर झालेली सगळी संध्याकाळी साडेसहानंतरची आहेत. सिस्टीमच्या एका अपडेटनंतर नाइट लाइट आपोआप चालू झाला होता, सूर्य मावळला की स्क्रीन हळूहळू पिवळी होत जायची, इतकी हळू की मला कळायचं नाही, आणि मी बसून त्या पिवळ्याला उतारा म्हणून फोटोत निळा घालत होते.

एचडीएमआयने जोडला असेल तर अजून एक. काही ग्राफिक्स कार्ड मॉनिटरला टीव्ही समजतात आणि ० ते २५५ ऐवजी १६ ते २३५ असा सिग्नल पाठवतात. मग काळा राखाडी दिसतो, सगळं धुवून निघाल्यासारखं. उलटं झालं, म्हणजे कार्ड पूर्ण पाठवतंय आणि मॉनिटर मर्यादित समजतोय, तर सावल्यांतलं सगळं काळ्या डांबरात बुडतं. कार्डाच्या सेटिंगमधे फुल रेंज आहे ना ते बघून घ्या, कॅलिब्रेशनने हे झाकायला जाऊ नका, झाकलं जातं पण पायऱ्या तुटतात.

पायऱ्या तुटणं म्हणजे काय ते जरा जवळून दाखवते कारण पुढची एक महत्त्वाची गोष्ट त्यावर अवलंबून आहे. साध्या ८ बिट साखळीत प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात. समजा मॉनिटरचा निळा जास्त आहे आणि तुम्ही तो मेन्यूतून कमी न करता सगळं सॉफ्टवेअरवर सोडलंत, तर सॉफ्टवेअर ग्राफिक्स कार्डाला सांगणार की निळ्याचा २५५ आला की २३० पाठव. झालं, २५६ पायऱ्या आता २३१ मधे कोंबल्या, काही शेजारच्या पायऱ्या एकच झाल्या, आणि आकाशाच्या किंवा स्टुडिओच्या राखाडी पडद्याच्या सावकाश बदलणाऱ्या छटेत पट्टे दिसायला लागतात. म्हणून पांढरा जमेल तेवढा मॉनिटरच्या मेन्यूतल्या आर जी बी गेनने जुळवायचा, जिथे आत जास्त बिट्सचं गणित चालतं, आणि सॉफ्टवेअरला फक्त उरलीसुरली सफाई करू द्यायची. गेन १०० वर असतील तर वाढवायचा प्रयत्न करू नका, जो रंग जास्त आहे तो खाली आणा. कॉन्ट्रास्टला बहुतेक मॉनिटरवर हात लावायची गरज नसते. ब्राइटनेस म्हणजे बॅकलाइट, तो बिनधास्त कमी करा, त्याने पायऱ्या जात नाहीत. हार्डवेअर कॅलिब्रेशनवाले महाग मॉनिटर, आयझोच्या कलरएज मालिकेसारखे, हे सगळं स्वतःच्या आतल्या टेबलमधे करतात आणि ग्राफिक्स कार्डाला हात लावत नाहीत, त्या पैशातला मोठा वाटा याचाच आहे.

टार्गेट काय ठेवायचं? वेब आणि सर्वसाधारण फोटोसाठी पांढरा डी६५ (वर म्हटलेला ६५०० वाला), गॅमा २.२, विषय संपला. छपाईच्या कामात डी५० ठेवावा असं म्हणणारे आहेत, आणि शेजारी डी५० ची लाइट बूथ (प्रिंट बघायची ठरलेल्या प्रकाशाची पेटी) असेल तर तुलनेला ते बरोबर बसतंही, पण बूथ नसताना नुसता डी५० ठेवलात तर दिवसभर पिवळ्या स्क्रीनसमोर बसायचं आणि हाती काहीच नाही. व्हिडिओवाल्यांचं वेगळं, ते अंधाऱ्या खोलीत गॅमा २.४ वर काम करतात. एसआरजीबीचा स्वतःचा वक्र आणि २.२ यात फरक मुख्यतः अगदी गडद भागात आहे, रंग सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमधे तो प्रोफाइलमुळे भरून निघतो, त्यावर वाद घालण्यात लोकांनी वर्षं घालवलीत, तुम्ही नका घालवू.

आता जे खरं गुंतागुंतीचं आहे ते, म्हणजे बॅकलाइटची सेटिंग. कलरीमीटर म्हणजे फिल्टर लावलेले काही सेन्सर, बस. ते फिल्टर माणसाच्या डोळ्याच्या प्रतिसादासारखे असावेत अशी अपेक्षा असते पण हुबेहूब तसे कधीच नसतात. त्यामुळे कुठल्या प्रकारचा प्रकाश आहे हे मशीनला सांगावं लागतं, मग ते आपली चूक दुरुस्त करून आकडा देतं. साधी व्हाइट एलईडी म्हणजे ४५० नॅनोमीटरच्या आसपासचा निळा एलईडी आणि त्यावर पिवळा फॉस्फर, त्याचा लाल भाग पसरट असतो. वाइड गॅमट, म्हणजे जास्त भडक रंग दाखवू शकणाऱ्या मॉनिटरमधे बऱ्याचदा पीएफएस नावाचा फॉस्फर असतो, त्याचा लाल म्हणजे ६३१ नॅनोमीटरजवळ सुईसारख्या बारीक रेषा. क्वांटम डॉटचं अजून वेगळं, ओलेडचं त्याहून वेगळं. मशीनला तुम्ही "व्हाइट एलईडी" सांगितलं आणि समोर पीएफएस आहे, तर ते लाल चुकीचा वाचतं, मग पांढरा हिरवट नाहीतर गुलाबीसर बसवतं, आणि शेवटी रिपोर्ट देतं की सगळं उत्तम. का नाही देणार, ज्या काट्याने चुकीचं तोललं त्याच काट्याने परत तोलून बघितलं. स्वतःच्या कॅलिब्रेशनची स्वतःच केलेली तपासणी फक्त एवढंच सांगते की मॉनिटर आज जागेवरून हललेला नाही, ती जागा बरोबर आहे की नाही हे ती सांगूच शकत नाही. तुमचा तो डेल्टा ई ०.४ चा रिपोर्ट म्हणून मी फारसा मनावर घेत नाही.

सॉफ्टवेअरमधे डिस्प्ले टाइप किंवा करेक्शन अशी यादी असते, तिथे तुमच्या मॉनिटरच्या पॅनेलचा प्रकार शोधून निवडा. आर्गिल आणि त्यावर चालणारं डिस्प्लेकॅल ही कॅलिब्रेशनची सॉफ्टवेअर वापरलीत तर तिथे सीसीएसएस फाइल्स असतात, त्यात बॅकलाइटचा स्पेक्ट्रम असतो आणि तो त्याच प्रकारच्या सगळ्या मॉनिटरला चालतो. सीसीएमएक्स फाइल पण मिळते, ती मात्र ठराविक मशीन आणि ठराविक मॉनिटर या जोडीपुरतीच केलेली असते, दुसऱ्याची लावताना जपून. ज्यांच्याकडे स्पेक्ट्रोफोटोमीटर (फिल्टरऐवजी पूर्ण स्पेक्ट्रम मोजणारं मशीन) असतो ते त्याने एकदा स्पेक्ट्रम मोजून कलरीमीटरला शिकवतात, कारण स्पेक्ट्रो रंगात खरा पण अंधाऱ्या छटा मोजताना गोंधळतो, आणि कलरीमीटर अंधारात चांगला आणि वेगवान पण रंगात त्याला कोणीतरी सांगावं लागतं.

हे सगळं बरोबर केलंत, दोन्ही मॉनिटरना योग्य करेक्शन लावलंत, दोन्हीचा पांढरा मोजून एक्स ०.३१२७ वाय ०.३२९० (डी६५ चे रंगाचे आकडे) आला, आणि शेजारी ठेवले तर एक किंचित गुलाबी आणि दुसरा किंचित हिरवट. वेडे होतात लोक इथे. मी पण झाले होते. कारण असं आहे की हे एक्स आणि वाय ज्या प्रमाण डोळ्यावरून काढतात तो १९३१ साली ठरलेला आहे, राइट आणि गिल्ड या दोघांनी १९२० च्या दशकात केलेल्या प्रयोगांवरून, आणि त्यात राइटचे १० आणि गिल्डचे ७ मिळून १७ निरीक्षक होते. दोन अंशाच्या छोट्या गोलात बघून, म्हणजे हात लांब करून अंगठ्याचं नख दिसतं साधारण तेवढ्या गोलात. निळ्या भागात तो प्रमाण डोळा खऱ्यापेक्षा कमी संवेदनशील धरला गेलाय हे पुढे लक्षात आलं, जडने १९५१ मधे आणि व्हॉसने १९७८ मधे दुरुस्त्या सुचवल्या, पण तोवर सगळं जग १९३१ वर उभं राहिलं होतं आणि आजही आहे. जुन्या मॉनिटरवर ही चूक फारशी दिसत नव्हती, बारीक रेषांच्या नव्या बॅकलाइटवर आणि ओलेडवर ती उघडी पडते. सोनीने तर आपल्या ओलेड रेफरन्स मॉनिटरसाठी डी६५ च्या आकड्यातून एक्समधे ०.००६ आणि वायमधे ०.०११ वजा करायचा ऑफसेट सुचवला होता, म्हणजे आकडे मुद्दाम चुकवायचे म्हणजे डोळ्याला जुळेल.

शिवाय तुमचा डोळा आणि माझा डोळा पण एक नाही. वय वाढलं की डोळ्यातलं भिंग पिवळं होत जातं. माझ्या हाताखाली काम करणारा मुलगा आणि मी एकाच जोडीकडे बघतो आणि कुठला हिरवट यावर आमचं एकमत होत नाही, दोघंही प्रामाणिक असतो.

यावर उपाय एकच आणि तो जरा अपमानास्पद वाटतो: मुख्य मॉनिटर मशीनने करा, आणि दुसरा डोळ्याने. म्हणजे दोन्हीवर अर्ध्या स्क्रीनएवढा कोरा पांढरा ठेवा, मागे राखाडी, खोलीत मंद उजेड, आणि दुसऱ्याचे आर जी बी गेन हाताने एकेक पायरी हलवत पांढरा पहिल्यासारखा दिसेपर्यंत जुळवा. मधे मधे नजर दुसरीकडे न्या, एकटक बघत बसलात तर डोळा जुळवून घेतो आणि फसवतो. जुळला की मग मशीन लावून त्या पांढऱ्याचा आकडा वाचा आणि दुसऱ्या मॉनिटरच्या सॉफ्टवेअरमधे डी६५ ऐवजी तोच टार्गेट म्हणून द्या. गॅमा आणि बाकी मशीनलाच करू दे. जुना मॉनिटर टीएन पॅनेलचा असेल तर मात्र सोडून द्या, डोकं वरखाली केलं की ज्याचा रंग बदलतो त्याला कशाशी जुळवणार, त्यावर फोटोशॉपच्या पॅलेट आणि ईमेल ठेवा.

वाइड गॅमटबद्दल थोडंसंच. तुमचा नवा मॉनिटर पी३ च्या (एसआरजीबीपेक्षा मोठा रंगांचा संच) ९५ टक्के वगैरे असेल तर जे सॉफ्टवेअर रंग सांभाळत नाही तिथे चेहरे भाजल्यासारखे लाल दिसणार, तो कॅलिब्रेशनचा दोष नाही. काम फक्त वेबसाठी असेल तर मेन्यूत एसआरजीबी मोड असतो तो लावून त्याच मोडमधे कॅलिब्रेट करा, निम्मी डोकेदुखी गेली. काही मॉनिटर त्या मोडमधे ब्राइटनेस आणि गेन कुलूपबंद करतात, ते घेण्याआधी बघायला हवं होतं, आता काय. आणि उलट बाजूने, साध्या एसआरजीबी मॉनिटरवर प्रोफाइल लावून ॲडोबी आरजीबीतला (तो पण एक मोठा रंगांचा संच) तो गडद हिरवा दिसायला लागेल असं कोणाला वाटत असेल तर आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार.

कलरीमीटर लावताना स्क्रीन थोडी मागे झुकवा म्हणजे मशीन स्वतःच्या वजनाने सपाट टेकेल, कडेने उजेड आत शिरला की काळ्याची मापं बिघडतात. केबलवर जे वजन असतं ते सरकवून स्क्रीनच्या मागे नीट लोंबकळू द्या. मी एकदा ते तसंच सोडलं, मोजणी चालू असताना मशीन मिलिमीटर मिलिमीटर घसरत खाली आलं, आणि जी प्रोफाइल तयार झाली तिच्यात गडद राखाडी चक्क जांभळा होता. स्क्रीनसेव्हर बंद, नोटिफिकेशन बंद, माउस बाजूला. ओलेड असेल तर रंगाचा चौकोन छोटा ठेवा, स्क्रीनच्या दहाएक टक्के, मोठा पांढरा आला की ओलेड स्वतःहून मंद होतो.

झाल्यावर रिपोर्ट बाजूला ठेवून डोळ्याने दोन गोष्टी बघा. काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतची राखाडी पट्टी पूर्ण स्क्रीनभर उघडा, कुठेही रंगाची झाक येऊन जाते का, पट्टे पडतात का. भडक रंगात डेल्टा ई ३ असला तरी कोणाच्या लक्षात येत नाही पण राखाडीत तेवढा असला की लगेच दिसतो, म्हणून सरासरीपेक्षा मला राखाडीचे आकडे जास्त महत्त्वाचे वाटतात. दुसरी, एक पिक्सेल काळी एक पिक्सेल पांढरी अशा आडव्या रेषांचा चौकोन करा आणि त्याच्यात १८६ चा राखाडी चौकोन ठेवा, १०० टक्के झूमवर आणि मॉनिटरच्या मूळ रिझोल्यूशनवर, स्केलिंग नको. लांबून बघितलं तर रेषा मिसळून बरोबर निम्मा प्रकाश देतात, आणि गॅमा २.२ असेल तर आतला चौकोन त्यात विरघळून जातो. तो उठून दिसला तर गॅमा चुकलाय, कुठलाही रिपोर्ट काहीही म्हणो. मशीन नसलेल्यांनी पण ही परीक्षा करावी, एसआरजीबी मोड, हाताने कमी केलेला ब्राइटनेस आणि ही परीक्षा एवढ्यावर बरंच काम भागतं.

खोलीबद्दल: मागची भिंत भडक रंगाची नसावी, स्क्रीनवर थेट ऊन नको, आणि काम करताना दिवा एकच ठेवा, दुपारी खिडकी आणि रात्री पिवळा बल्ब असं केलं तर तुम्हीच दोन वेगळी माणसं होता. प्रोफाइल मी दोन महिन्यांनी परत करते. आणि सिस्टीममधे दोन कॅलिब्रेशनची सॉफ्टवेअर एकदम सुरू होत नाहीयेत ना ते बघा, दोघं एकमेकांची व्हीसीजीटी पुसत बसतात. नवी प्रोफाइल लावल्यावर फोटोशॉप बंद करून परत उघडायचं, उघडं असताना ते जुनीच धरून बसतं.

तर आधी ब्राइटनेस ११० टाकून आणि पॅनेलचा बरोबर प्रकार निवडून परत एकदा करा, मग तोच काळपट आलेला फोटो नव्याने उजळवून त्याच कागदावर काढा आणि दिवसा खिडकीजवळ नेऊन बघा. तरीही काळी आली तर कागद कुठला, प्रिंटरला कुठली प्रोफाइल दिली, आणि रंग प्रिंटर सांभाळतोय की फोटोशॉप का दोघं मिळून, हे कळवा. दोघं मिळून असेल तर मला उत्तर आताच माहीत आहे, रंग दोनदा बदलले जातायत.